भोक क्रमांक तीन-अ

भांगाचं पाणी. आज खाडी फार ओढत नाही.
अल्याड दापोली तालुका, पल्याड गुहागर,
मधे आमचा बार्ज, चार कोपऱ्यांना चार नांगर,
तिकाटण्याखाली मंगल मुर्मू, हात दोरावर.
साडेत्रेसष्ट किलोंचा हातोडा
पाऊण मीटर उचलायचा, सोडायचा.
मी मोजते.

पहिल्या पंधरा सेंटिमीटरचे ठोके लिहायचे, पण धरायचे नाहीत.
भोक पाडताना तेवढा थर आपणच विसकटलेला असतो,
त्याची साक्ष चालत नाही.
पुढच्या तिसांचे खरे.
अकरा. चौदा. सव्वीस.
मग हातोडा नुसताच उडायला लागतो,
तिथे मी लिहिते: नकार.

कातळाच्या पेट्या पकटीवर, उघड्या.
दहा सेंटिमीटरहून आखूड तुकडा बेरजेत येत नाही.
शेवंता कुलाबकर टोपली टेकवून बघते,
"एवढा खर्च करून दगडच काढलात?"
आणि किलोला काय भाव, तेही विचारते.

परकारमामूंची तर सकाळी साडेसहाला सुटते.
माणशी पंधरा, मोटारसायकलला पंचवीस.
बोगदा झाला की ती बंद. हे त्यांना ठाऊक आहे.
मला बार्जवर सोडतात तेच.

एकदा माझा नकाशा त्यांनी मांडीवर पसरला.
पाच भोकं. खाली कातळ चौदा मीटरला, सोळाला, पंधराला,
आणि सगळ्यांना जोडत गेलेली तुटक रेघ.
"ही रेघ कुनी बघितली?"
कुणीच नाही, मामू. अंदाज आहे.
"तीन नि चारच्या मधी
माझ्या बापाचा नांगर कधी धरला नाय.
माझाबी नाय. दोर संपतो,
होडी आपली सरकत ऱ्हाते."

अहवालात नांगराला रकाना नसतो.
दोन दिवस मी गप्प होते.
तिसऱ्या रात्री ठाण्याला फोन लावला,
साहेब, अंतर जास्त आहे, मधे एक भोक वाढवू या.
मामूंचं नाव घेतलं नाही.
ते अजून सलतं.

चौदा मीटर, चिखल.
सोळा मीटर, चिखल.
अठराला मंगलने सळ्या जोडल्या.
हातोडा अजून वर टांगलेलाच,
आणि सळ्या आपल्याच वजनाने
खाली निघाल्या, सावकाश,
अंधारात घरचा जिना उतरावा तशा.
मंगल माझ्याकडे बघत राहिला.
मी ठोक्यांच्या रकान्यात शून्य लिहिलं.
त्याखाली आणखी एक.

एकतिसाव्या मीटरला नळीतून निघाली
काळी चिकणमाती, आणि तिच्यात
बोटाएवढं लाकूड, साल अजून अंगावर.
फार पूर्वी समुद्र खूप खाली होता, मामू,
नदी इथून खोल, अरुंद वाहायची,
तिच्या काठचं हे झाड.
त्यांनी तुकडा नाकाशी नेला.
"तिवर नाय. गोड्या पान्याचं हाय."
प्रयोगशाळेला एवढंच सांगायला
सहा आठवडे लागतील.

बोगदा आता आणखी खाली जाईल,
किंवा उत्तरेला सरकेल,
किंवा फाइल पावसाळाभर कुठल्या टेबलावर पडेल.
संध्याकाळी आम्ही भोक बुजवायला घेतलं.
सिमेंट कालवून ओततोय, ते जातंच आहे,
सात गोणी, नऊ, अकरा.

परतताना त्यांनी विचारलं,
बोगद्यातनं पल्याड किती वेळात?
चार मिनिटं.
"चार मिन्टात कुनाची काय इचारपूस होनार,"
म्हणाले, आणि इंजिनाला दोर गुंडाळून ओढला.
लागलं नाही. पुन्हा ओढला.
माझ्या मांडीवर पेटी,
पेटीत ते लाकूड, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं.
वाळलं की तडकतं.